सबील, पाणपोई आणि एकवीस किलोमीटर

सोलापूरच्या जानेवारीत तीन गोष्टी असतात. एक, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. तिच्यासाठी नंदीध्वज पेलणाऱ्यांचा सराव कितीतरी दिवस आधीपासून सुरू होतो. दुसरी, 12 जानेवारीचा हुतात्मा दिन. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. तिसरी गोष्ट अलीकडच्या वर्षांतली, सोलापूर मॅरेथॉन. पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मॅरेथॉनवर जे लिहिलं जातं ते बहुतेक धावणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. किती वेळ लागला, कुठे पाय भरून आले, शेवटच्या किलोमीटरला काय वाटलं, असं.

मी धावत नाही. मी पाणी देते. माझ्या शाळेतल्या पंधरा-सोळा मुली माझ्याबरोबर पाणी देतात. त्यामुळे हा लेख टेबलाच्या मागच्या बाजूने लिहिलेला आहे.

मी उर्दू माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. आमच्या मुली बेगम पेठ, शास्त्रीनगर, नई जिंदगी अशा भागांतून येतात. कुणाचे अब्बा रिक्षा चालवतात, कुणाचे कारखान्यात चादरी विणतात, कुणाची अम्मी घरी बसून विड्या वळते. मॅरेथॉनला स्वयंसेवक हवेत असं शाळेत कळलं, तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, ‘आपल्या मुली?’ त्या प्रश्नात नकार नव्हता. असं काही आपल्याकडे येतं याचं आश्चर्य होतं. शहरात मोठं काही असलं की आपल्या शाळेने प्रेक्षक म्हणून जायचं किंवा जायचंच नाही, अशी आम्हाला सवय झालेली.

काम कळल्यावर मात्र मी हो म्हटलं. त्याचं कारण पुढे येईलच. आधी हे काम असतं काय ते सांगते. बाहेरून पाहणाऱ्याला मॅरेथॉन म्हणजे टी-शर्ट घातलेली माणसं आणि मोठ्याने वाजणारी गाणी एवढंच दिसतं.

धावणाऱ्याच्या छातीवर जो नंबर असतो त्याला बिब म्हणतात. त्याच्या मागे एक पातळ चिप चिकटवलेली असते. सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर मॅट अंथरलेली असते, तिच्यावरून चिप गेली की वेळ नोंदली जाते. म्हणून गर्दीत मागे अडकलेला माणूस सुरुवातीच्या रेषेवर चार मिनिटं उशिरा पोहोचला, तरी त्याची वेळ त्याच्या पहिल्या पावलापासूनच मोजली जाते. रस्ता मोजणं हेही एक शास्त्र आहे. प्रमाणित शर्यतीचा मार्ग गाडीच्या काट्यावर मोजत नाहीत. सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र बसवून वळणांवरची सगळ्यात जवळची रेषा धरून मोजतात, आणि कुणाला अंतर कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. हा विचित्र आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि 1921 मध्ये कायम झाला. त्याचा निम्मा म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे नुसतं ‘एकवीस’ म्हणतात तो.

याशिवाय चौकाचौकांत दोऱ्या धरून उभे असलेले लोक, वाहतूक पोलीस, रुग्णवाहिका, पायात गोळे आलेल्यांना चोळून देणारे फिजिओथेरपिस्ट आणि सगळ्यांच्या शेवटी हळूहळू येणारी एक गाडी. ठरलेल्या वेळेत जे पोहोचू शकणार नाहीत त्यांना ती उचलून घेते. आणि दर काही अंतरावर पाण्याचं टेबल. त्यातलं एक आमचं.

टेबलाच्या कामाला मी बीएडच्या सवयीने लागले. पाठटाचण काढतात तसं वहीत लिहून काढलं. उद्दिष्ट, साहित्य, वेळ, कोण कुठे उभं राहणार. दोन मुली जारजवळ, चार ग्लास भरायला, सहा हातात ग्लास घेऊन रस्त्याच्या कडेला, दोन ओआरएसकडे, बाकीच्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन पुढे. पाणी तळहातावर ठेवून हात लांब करायचा, धावणाऱ्याच्या वाटेत जायचं नाही, त्याने ग्लास घेतला की हात लगेच मागे. शाळेच्या मैदानावर आम्ही याचा सरावही केला. आठवीच्या मुलींना धावायला लावलं आणि नववीच्या मुलींनी त्यांना पाणी दिलं. पहिल्या दिवशी आठवी आणि नववी दोन्ही भिजल्या.

हे काम किती नेमकं असू शकतं, यासाठी मी त्यांना बर्लिनची गोष्ट सांगितली. 2018 मध्ये केनियाच्या एलियुड किपचोगेने बर्लिनमध्ये 2 तास 1 मिनिट 39 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून विश्वविक्रम केला. त्या शर्यतीत क्लाउस-हेनिंग शुल्के नावाचा एक स्वयंसेवक सायकलवरून एका टेबलाकडून पुढच्या टेबलाकडे जात होता आणि किपचोगेला त्याची बाटली हातात देत होता. एकही बाटली चुकली नाही की प्रत्येक वेळी शुल्के असा काही आनंद करायचा की जणू तोच जिंकतोय. लोकांनी त्याला ‘बाटली क्लाउस’ असं नावच पाडलं. मुलींना तो व्हिडिओ इतका आवडला की पुढचे आठ दिवस वर्गात कुणी कुणाला पट्टी दिली तरी मूठ उंचावून नाचायच्या.

खरा प्रश्न आला तो ग्लासवरून. ग्लास अर्धाच भरायचा, अशी सूचना होती. कारण धावता धावता भरलेला ग्लास पिता येत नाही, तो नाकातोंडात जातो. अर्धा असेल तर वरची कड चिमटीत दाबून चोच करता येते. हे मी समजावलं. तेव्हा विड्या वळणाऱ्या अम्मीची मुलगी म्हणाली, “मिस, व्हिडिओ में तो आधे में का बी आधा पीते, बाकी का सर पे डाल लेते. कायकू?”

वर्गात कुणी हसलं नाही. या प्रश्नाचं वजन सोलापूरकरालाच कळेल. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली एक मुलगी शाळेत उशिरा येते. हजेरीत मी अशा मुलींसमोर खूण करत नाही. पाणी येतं शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून, म्हणजे आपल्या बादलीत पडण्याआधी ते दोन मॅरेथॉनहून जास्त अंतर कापून येतं. पिंप, कळशी, घागर, जुने रंगाचे डबे, सगळं भरून ठेवणाऱ्या घरातली मुलगी डोक्यावर ओतलेल्या पाण्याकडे पाहून ‘का’ विचारणारच.

मी तिला शरीराचं कारण सांगितलं. धावताना अंग तापतं, पाण्याने डोकं थंड होतं, ती उधळपट्टी नाही. ती ‘हौ’ म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. मग तिने फळ्यावर हिशेब मांडला. वीस लिटरचा एक जार. अर्धा ग्लास म्हणजे शंभर मिलिलिटर. एका जारमध्ये दोनशे अर्धे ग्लास. सांडलेलं धरून एकशे ऐंशी. आमच्या टेबलाला किती जार, किती धावणारे, दर माणशी किती ग्लास, आणि शेवटी किती उरायला हवं. गणिताच्या सरांनी दारातून पाहिलं आणि माझ्या तासाला गणित चाललंय म्हणून कौतुकाने मान हलवली. त्या हिशेबातून तिने एक नियम काढला, ‘दोन जार शेवटपर्यंत उघडायचे नाहीत.’ मी तो नियम वहीत लिहून घेतला.

संयोजकांच्या बैठकीत एका डॉक्टरांनी स्वयंसेवकांना सांगितलेली एक गोष्ट मला नवीन होती. ते म्हणाले, मागेल त्याला पाणी द्या, पण आग्रह करू नका. आग्रह न करता पाणी द्यायचं म्हणजे काय, हे मला सुरुवातीला समजेचना. आपल्याकडे आग्रह केला नाही तर पाहुणा नाराज होतो. पण कारण पक्कं होतं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं होतं. घामावाटे मीठ जातं आणि वर नुसतं पाणी पीत राहिलं की असं होतं. धोका जास्त कुणाला? जे हळू धावतात त्यांना, कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलावर थांबून पितात. म्हणून मागून येणाऱ्यांना पाण्याबरोबर ओआरएस विचारायचं.

याच्या उलट टोकाची गोष्टही मी मुलींना सांगितली. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन ऑगस्टच्या उन्हात, धुळीच्या रस्त्यांवर झाली आणि वाटेत पाण्याची सोय जवळजवळ ठेवलीच नव्हती. पाण्याविना माणसाचं काय होतं ते पाहायचं, असाही त्यामागे विचार होता. 32 जण निघाले, 14 जण पोहोचले. मुलींना हे खरं वाटेना. एकीने विचारलं, “उनके घर में पानी नै आता था क्या मिस?” मी म्हटलं, येत असावं. ज्यांच्या घरी येतं त्यांनाच असे प्रयोग सुचतात.

आता पालक. सोळा मुलींची परवानगी मिळवणं हे मॅरेथॉनच्या नियोजनातलं सगळ्यात लांब अंतर होतं. हरकती ठरावीक होत्या. पहाटे पाचला मुली कशा येणार? रस्त्यावर उभ्या राहून ओरडायचं? टी-शर्ट घालावा लागेल का? फोटो पेपरात येईल का? मी घरोघरी गेले. कुठेही भाषण केलं नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. टी-शर्ट कुर्त्यावरून घालता येईल, स्कार्फ राहील. फजरची वेळ पावणेसहाच्या सुमाराला आहे, नमाजची सोय करू. अम्मी बरोबर येऊ शकतात. एका मुलीचे अब्बा रिक्षा चालवतात. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “छोड़ने को मैं आता मिस. मगर मैं बी उधरिच रुकता.” मी म्हटलं, रुकिए. ते थांबले आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त जार त्यांनीच उचलले.

तरी चार मुलींना परवानगी मिळाली नाही. त्यांची नावं मी यादीतून काढली नाहीत, पेन्सिलने लिहून ठेवली. पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघी आल्या.

मी हो का म्हटलं, याचं कारण आता सांगते. ते माझ्या विषयाचं आहे. उर्दूत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ नाही. आमच्या मुली मराठीचं पुस्तक वाचतात, पेपर लिहितात, पासही होतात. पण बाहेर मराठी बोलायची वेळ आली की तोंड मिटून घेतात. ‘बाळ’चं ‘बाल’ होईल, ‘कोण’चं ‘कोन’ होईल आणि समोरचा हसेल ही भीती असते. बसमध्ये, दवाखान्यात, बँकेत त्या हिंदीत बोलतात आणि मग ‘यांना मराठी येत नाही’ असा शिक्का बसतो. वीस वर्षं मी वर्गात ‘ण’ आणि ‘ळ’ घोटून घेतेय. ‘कमळ, बाळ, पळ’ असे कागद भिंतीवर लावलेत. पण भाषेला वर्गाबाहेरचं गिऱ्हाईक लागतं. आणि इथे एक काम आयतं चालून आलं होतं, ज्यात तीन तास शेकडो अनोळखी माणसांशी मराठीत एकच शब्द बोलायचा होता, आणि त्या शब्दात ‘ण’ होता. पाणी.

त्या सकाळी थंडी होती. आमचं टेबल शहराच्या कडेला, दुभाजक असलेल्या रुंद रस्त्यावर. अंधारात जार उतरवले, टेबलावर कापड बांधलं. विड्यांचे कट्टे बांधायची सवय असलेले हात ग्लास मांडायला लागले की पाहत राहावं, एकही ग्लास रांगेबाहेर नाही. बंद दुकानाच्या ओट्यावर चादर अंथरून मुलींनी पाळीपाळीने नमाज पढली. एकीकडे नमाज, एकीकडे जार, असं चाललं होतं तेव्हा फिरायला निघालेले एक काका थांबले. मुलींना म्हणाले, “कुठून आलात?”

“बेगम पेठेतून.”

“तसं नाही, मूळच्या कुठल्या?”

“मूळच्या बेगम पेठेतल्याच.”

काकांना पुढचा प्रश्न सुचला नाही. मुलीने त्यांच्यासमोर अर्धा ग्लास धरला. ते धावपटू नव्हते, नियमाने पाणी त्यांचं नव्हतं. मी काही बोलले नाही. त्यांनी घेतला, प्यायले आणि रिकामा ग्लास स्वतःहून पिशवीत टाकला. नंतर संपूर्ण सकाळभरात फार थोड्या लोकांनी तसं केलं.

उजाडताना पहिले धावणारे आले. ते येतात आणि जातात, काही दिसत नाही. ते बहुतेक पाणी घेतही नाहीत. त्यांच्या मागून थवेच्या थवे येऊ लागले आणि मुलींचे आवाज सुरू झाले. “पानी! पानी!” पहिल्या पंधरा मिनिटांत सगळ्या ‘पानी’च म्हणत होत्या. एकाही धावणाऱ्याला ते समजलं नाही असं झालं नाही. कुणी हसलंही नाही. धापा टाकणाऱ्या माणसाला ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक ऐकू येत नाही, त्याला ग्लास दिसतो. “धन्यवाद ताई”, “थँक्यू बेटा”, “शाब्बास” असं ऐकत ऐकत मुली मोकळ्या झाल्या. मग वाक्यं लांबली. “पाणी पुढे आहे, ओआरएस डावीकडे!” “हळू घ्या काका, घाई नाही!” “थोडंच राहिलंय!” थोडं मुळीच राहिलेलं नव्हतं, पण मी हिशेब दुरुस्त केला नाही. आठच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, सगळ्या ‘पाणी’ म्हणत होत्या. स्वच्छ, टाळूला जीभ लावून. कुणी शिकवलं नव्हतं, समोरून येणारे “पाणी द्या” म्हणत होते, ते कानावर पडून पडून जिभेवर आलं होतं.

एका मुलीची दादी बरोबर आली होती. ती ओट्यावर शाल पांघरून बसली होती आणि सगळं पाहत होती. मधेच तिने मला हाक मारली आणि म्हणाली, “मिस, ये तो सबीलिच है ना!”

वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोहरममध्ये करबलाच्या तहानेची आठवण म्हणून रस्त्याच्या कडेला पाण्याची, सरबताची सोय करतात, तिला सबील म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला तू कोण हे न विचारता पाजायचं. मराठीत आपण पाणपोई म्हणतो ती हीच. उन्हाळ्यात चौकात रांजण ठेवून वर ओलं फडकं गुंडाळणारे लोक सोलापुरात सगळ्या जातीधर्मांचे आहेत. पण दादीच्या शब्दाने मी थांबले, कारण ‘सबील’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पाणी नाहीच. तो आहे ‘वाट’. वाटेवर पाणी द्यायचं ते इतकं महत्त्वाचं ठरलं की वाटेचा शब्द पाण्याला मिळाला. कैरो शहरात सबीलच्या जुन्या इमारती आहेत. त्यांतली 1744 मध्ये अब्दुर्रहमान कतखुदा यांनी बांधलेली फार प्रसिद्ध. अशा इमारतींत खाली वाटसरूंना पाणी मिळायचं आणि वरच्या मजल्यावर मुलांची शाळा भरायची. पाणी आणि शाळा एकाच छपराखाली. ही माहिती मी उर्दूच्या तासाला अनेकदा सांगितली होती. त्या सकाळी शाळाच खाली उतरून पाणी देत होती.

नऊच्या पुढे गर्दी ओसरली. मग जे येतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. ते चालत असतात, थोडं धावतात, पुन्हा चालतात. कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी बूट सैल करून. आमच्या आठ मुली एव्हाना कचरा वेचायला पुढे गेल्या होत्या. टेबलावर उघडे जार संपले होते आणि ते दोन जार, हिशेबातले, तसेच बंद होते. शेवटची गाडी आली. तिने आमच्यासमोर एका गृहस्थांना बसायला सांगितलं. पन्नाशीचे, अंगाने भारी, चेहरा मिठाने पांढरा झालेला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “वेळ नोंदवू नका. रस्ता सोडून फुटपाथने येतो. पण चालतच येतो.” गाडीतल्या माणसाने त्यांची तब्येत विचारली, नंबर लिहून घेतला आणि गाडी पुढे गेली. नियम म्हणून ते बरोबरच होतं, रस्ता वाहनांसाठी उघडायचा होता.

गृहस्थ आमच्या टेबलापाशी आले. मुलीने अर्धा ग्लास पुढे केला. ते म्हणाले, “बाळा, आता मला कुठे धावायचंय? पूर्ण भरून दे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बंद जार उघडला आणि ग्लास काठोकाठ भरून दिला. त्या दिवसातला तो पहिला भरलेला ग्लास. ते ओट्यावर दादीच्या शेजारी बसून सावकाश प्यायले. मग ओआरएस घेतलं. मग निघाले. किती वाजता पोहोचले ते मला माहीत नाही, चिपने नोंदलं असेल-नसेल. पण ते गेल्यावर मुलगी जे म्हणाली ते मी विसरणार नाही. म्हणाली, “मिस, सबसे ज्यादा पानी तो आखरीवाले को लगता. और उसके टाइम पे टेबलां उठ जाते.”

शिक्षकाच्या पेशात वीस वर्षं काढून मला हे इतक्या थोडक्यात मांडता आलं नसतं. आम्ही पहिल्या बाकासाठी पाठ घेतो. स्पर्धा, शिष्यवृत्ती, सत्कार, फोटो हे सगळं पुढून येणाऱ्यांसाठी असतं. हळू येणारी मुलगी, जी पाणी भरून उशिरा येते, जी ‘ळ’ म्हणायला घाबरते, ती पोहोचते तेव्हा शाळेची घंटा झालेली असते, फॉर्मची तारीख गेलेली असते, टेबल उचललेलं असतं. कुणी वाईट वागलेलं नसतं. रस्ता उघडायची वेळ झालेली असते, एवढंच. म्हणून जो पाणी देतो त्याने सुरुवातीलाच हिशेब करून दोन जार बाजूला ठेवावे लागतात. ऐन वेळी दया येऊन उपयोग नसतो, तोवर पाणी संपलेलं असतं.

आवरताना सफाईच्या महिला आल्या. धावणाऱ्यांनी दोनशे मीटरपर्यंत ग्लास फेकलेले होते. मुलींनी बरेच वेचले होते, बाकीचे त्या बायकांनी झाडून गोळा केले. उरलेलं दीड जार पाणी कुणी गटारात ओतलं नाही, सोलापुरात तसं कुणाच्या मनातही येत नाही. त्या बायकांनी आपल्या बाटल्या भरून घेतल्या. रिक्षावाल्या अब्बांनी दुभाजकातल्या रोपांना थोडं घातलं. मग मुली प्यायल्या, सगळ्यांत शेवटी. हदीसमध्ये आहे की लोकांना पाणी पाजणारा स्वतः सगळ्यांत शेवटी पितो. अरबीत त्याच्यासाठी शब्द आहे ‘साकी’. उर्दू शायरीत हा साकी भलतीकडे गेला आणि माझ्या मुलींना तो फक्त गझलेतला माहीत होता. त्या दिवशी उप्पीट खाता खाता मी त्यांना सांगितलं की खरी साकी तुम्ही. त्या बऱ्याच हसल्या.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. फार मोठं काही झालं नाही. मराठीच्या तोंडी परीक्षेत त्या मुली नीट बोलल्या. दोघींनी पुढच्या वर्षी पाच किलोमीटर धावायचं म्हणून विचारलं. त्यांना मी शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या ललिता बाबर यांच्याबद्दल वाचायला दिलं. माण तालुका दुष्काळासाठी ओळखला जातो, आणि तिथल्या मोही गावची ही मुलगी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दोघींपैकी एकीला घरून परवानगी मिळाली. दुसरीचं नाव माझ्या वहीत पेन्सिलने आहे.

आता तुमच्यापैकी जे धावतात त्यांना दोन शब्द. ग्लास घेतल्यावर तो पिशवीत किंवा बादलीत टाका, टेबलापुढे शंभर मीटरपर्यंत त्या ठेवलेल्या असतात. डोक्यावर पाणी जरूर ओता, पण ते देणाऱ्या मुलीच्या घरी ते गेल्या चार दिवसांपूर्वी आलेलं असू शकतं, एवढं मनात असू द्या. आणि तुम्ही शेवटी असाल, गाडी पुढे निघून गेली असेल, तर आमच्या टेबलाशी थांबा. दोन जार बंद ठेवलेले असतात. ग्लास पूर्ण भरून मिळेल.